न उमललेल्या फुलाचे नाव

वाचकांनी आधीच क्षमा करावी. माझे शिक्षण लवकर सुटले. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, भारदस्त शब्दाच्या जागी घरातला शब्द येईल. कथा मात्र भारदस्त आहे आणि माझ्या शब्दांनी ती उणी होणार नाही.

कृतयुग सरत आले होते आणि त्रेतायुगाची चाहूल अजून लागली नव्हती. त्या संधिकाळी सह्याद्रीच्या खांद्यावर एक आश्रम होता. वर ढगांत बुडालेले कडे, खाली कातळावरून उड्या घेत जाणारे झरे, अंगणात शांत रवंथ करणारी होमधेनू आणि चहूकडे फुलांनी लवलेल्या वेली. इतके वैभव असूनही त्या आश्रमात कोणत्याही फुलाचे नाव कोणी उच्चारत नसे. आपण रात्री सापाला ‘लांबडे’ म्हणतो, तसे तिथे कमळाला ‘तळ्यातले’ म्हणत, चाफ्याला ‘फांदीवरचे’ म्हणत आणि मोगऱ्याला नुसते ‘ते पांढरे’. ‘पूजेला तळ्यातले आण, ते पांढरे नको, काल झाले,’ अशी तिथली बोली होती.

याला कारण होता वरच्या गुहेत राहणारा म्लानासुर. घोर तप करून त्याने ब्रह्मदेवाकडून वर मिळवला होता. ब्रह्मदेव म्हणाले होते, “फुलाचे नाव दुसऱ्याच्या तोंडून तुझ्या कानी पडले आणि त्या नावाने तू हाक मारलीस, तर उमललेले ते फूल आणि त्याचे नाव धारण करणारा जीव, दोघेही तत्क्षणी कोमेजतील. मात्र हाक रिकामी परत आली, तर ती तुझ्यावरच पडेल.” असुर हसला होता. जे उमललेच नाही असे फूल त्रैलोक्यात असते कुठे?

तेव्हापासून त्या डोंगरावरची माणसे दगडमातीची नावे लावू लागली. आश्रमाचा स्वामी होता उपल, म्हणजे पाषाण. त्याची थोरली बहीण दृषद्वती, म्हणजे शिळांची. त्याची पत्नी सिकता, म्हणजे वाळू. सिकता दूर गोदातीरची. माहेरी तिचे नाव वेगळे होते. लग्नात तबकातल्या तांदळांवर नवे नाव लिहिताना दृषद्वतीने तिला बजावले होते, “माहेरचे नाव वेशीबाहेर ठेवून ये, मुली. या डोंगराला कान आहेत.” ते नाव कुठल्याशा फुलाचे होते, एवढेच उपलाला कळले. त्याने पुढे विचारले नाही आणि तिने सांगितले नाही.

उपल स्वभावाने फार बुजरा. वडील अकाली गेल्यामुळे गुरुगृहातून अध्ययन अर्धे टाकून तो परतला होता. चारचौघांत बोलायची वेळ आली की हातातल्या दर्भाकडे पाहत बसे.

पुष्कळ वर्षे पाळणा हलला नाही. मग सिकतेने वनदेवीला नवस केला, कन्या झाली, आणि बारशाच्या आदल्या सकाळी तिने तो नवस पतीला सांगितला.

“नाथ, मी वनदेवीला शब्द दिला आहे. मुलीला फुलाचे नाव ठेवीन आणि चारचौघांत मोठ्याने ठेवीन.”

उपलाच्या हातून समिधांची मोळी खाली पडली. “सिकते, त्या असुराने ऐकले तर?”

“आणि मी शब्द मोडला तर? वनदेवीने दिलेले वनदेवी परत नेते.”

“मग कानात सांगू. जगाला दुसरेच नाव सांगू.”

सिकता पाळण्याकडे पाहत म्हणाली, “ज्या नावाने हाक मारता येत नाही, ते कसले नाव? तसे एक माझ्याजवळ आहे. ते कसे लागते ते मला विचारा.”

बाहेर शेण कालवणाऱ्या दृषद्वतीने सगळे ऐकले होते. आत येऊन ती कडाडली, “छान! नाव ठेवायचे आत्याने, म्हणजे पोरीला असुराच्या तोंडी द्यायचे तेही आत्याने! आणि हा आमचा मुनी बघा, खांबासारखा उभा. अरे उपला, काहीतरी बोल.”

 कुडाच्या भिंतीचे लिंपण एके ठिकाणी सुटले होते, उपल ते भरायला बसला. हाताला काम असले की त्याचे मन थाऱ्यावर येई. पाळणा भिंतीला लागूनच होता. लिंपण निघालेल्या जागेतून कारवीची एक काठी बाहेर आली होती. मुलीने मूठ उघडली, ती काठी धरली आणि सोडीना. उपलाने हलकेच बोटे सोडवून पाहिली. मूठ अधिकच घट्ट झाली.

तो त्या काठीकडे पाहत राहिला. या कारवीवर त्याचे घर उभे होते, गोठा उभा होता, आजोबांची पर्णकुटीही तिचीच होती. पण कारवीला फूल आलेले कोणी पाहिले होते?

“ताई,” त्याने विचारले, “कारवीला फूल येते का?”

“कुडाला कधी फूल येते का रे?” दृषद्वती म्हणाली. पण म्हणता म्हणता शेणाने भरलेला तिचा हात तसाच थांबला.

उपल उठला आणि डोंगराच्या उतरणीकडे निघाला. आषाढ सरत होता, धुके कड्यावरून खाली ओघळत होते. उतरणीवर कारवीचे दाट रान हिरवेगार उभे होते. कोयता न घेता तो तिथे प्रथमच आला होता. त्याने हात जोडले. “हे वनकन्ये, दर्शन दे.”

रानातून एक उंच, सावळी, राकट हातांची स्त्री पुढे आली. कमरेला पदर खोचलेला, केसांत पालापाचोळा. तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

“आज हात जोडलेस? तुझ्या आज्याने तोडली, बापाने तोडली, तू तोडलीस. बांधलीत, शेणाने लिंपलीत, पावसात उभी केलीत. विचारले कोणी नाही. आज काय, गोठा वाढवायचा आहे?”

“नाही. मुलीचे नाव ठेवायचे आहे.”

“मग तळ्याकडे जा. तिथे लक्ष्मीचे आसन आहे. ती उतरणीवरची वासाची आहे, तिच्याकडे जा. माझ्याकडे काय आहे?”

“तू कधी उमलली नाहीस, एवढे तुझ्याकडे आहे,” उपल म्हणाला आणि त्याने सगळी हकीकत सांगितली, काहीही न लपवता.

 कारवीने जवळची फांदी वाकवून दाखवली. पेरापेराला कळ्या धरल्या होत्या. जांभळट निळ्या, टच्च भरलेल्या.

“बघितल्यास? सृष्टी झाली तेव्हापासून सगळ्या बहिणी फुलल्या, मी काठीच राहिले. या श्रावणात माझी पाळी आहे. पहिलीवहिली. आणि तू म्हणतोस, थांब.”

 मान खाली घालून उपल म्हणाला, “मागणे मोठे आहे, हे मला कळते. बदल्यात देण्यासारखे माझ्याजवळ काही नाही. तू नाही म्हणालीस तरी तुझ्यावर राग धरणार नाही. घर तर तूच दिलेले आहेस.”

“बोलायला येत नाही म्हणे तुला,” कारवी म्हणाली आणि पहिल्यांदाच हसली. “ऐक. तुझी पोर आपल्या पायांनी ही चढण चढून माझ्यासमोर येईल आणि स्वतःच्या तोंडाने आपले नाव सांगेल, तोवर मी एकही कळी उघडणार नाही. घरांचा भार सोसला, कळ्यांचाही सोसेन. पण मुनी, हे रान मोठे आहे. सात दऱ्यांत पसरले आहे. कुठे एक कळी जरी उकलली, तरी तुझी पोर गेली. एवढा विश्वास आहे का माझ्यावर?”

“पिढ्यान्‌पिढ्या तुझ्या आधाराने निजलो आहोत,” उपल म्हणाला. “कधी एक भिंत पडली नाही.”

बाराव्या दिवशी आश्रमात आंब्याच्या पानांचे तोरण बांधले. आसपासच्या आश्रमांतल्या स्त्रिया जमल्या. पाळणा सजला, मुलीला काजळ घातले, आत्या कुंची सावरत वाकली. बाकीच्या स्त्रिया तिच्या पाठीत बुक्के मारायला टपूनच होत्या. इतक्यात दारात एक जटाधारी वृद्ध तापस येऊन उभा राहिला. त्याच्या डोक्यावरची तोरणाची पाने टोकांपासून काळी पडत वळू लागली.

“शुभ प्रसंग दिसतो,” तो म्हणाला. “अतिथीला बालिकेचे नाव कळावे.”

दृषद्वतीने पाने पाहिली. ती पाळण्यापासून मागे सरली. सिकतेने पाळण्याची दोरी दोन्ही हातांनी धरली. स्त्रिया भिंतीला चिकटल्या. अतिथीने नाव विचारल्यावर न सांगणे हा अधर्म, आणि सांगणे म्हणजे मृत्यू.

तेव्हा, जो कधी सभेत बोलला नव्हता, तो उपल उठला. त्याच्या हातात दर्भ नव्हता. बहिणीच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, “ताई, तुझा मान आहे. सांग, मोठ्याने सांग. मी उभा आहे.”

दृषद्वतीने डोळे मिटले आणि मुलीच्या कानात नव्हे, साऱ्या डोंगराला ऐकू जाईल असे ती ओरडली, “कारवी!”

तापसाचे सोंग गळून पडले. विझलेल्या निखाऱ्यांचे डोळे आणि वठलेल्या वृक्षासारख्या भुजा असलेला म्लानासुर उभा राहिला, आणि गडगडून हसला. “कारवी? कुडाची काठी? नवस फुलाचा आणि नाव सरपणाचे! मुनी, तू देवीलाही फसवतोस की काय?”

“कारवीला फूल आहे,” उपल स्थिर आवाजात म्हणाला. “माझ्या घराण्याने तिला काठीच समजले, हा आमचा उद्धटपणा. तुला नाव हवे होते, ते मिळाले. हाक मारायची छाती असेल तर मार. नसेल तर वाट मोकळी कर, आमच्या बायका घुगऱ्या वाटायच्या खोळंबल्या आहेत.”

कोपऱ्यातून कोणीतरी फिस्सकन हसले. त्रैलोक्यात असुरांना सगळे सोसते, हसणे तेवढे सोसत नाही. म्लानासुराने छाती भरून श्वास घेतला आणि पाळण्यावर वाकून गर्जना केली, “कारवी!”

हाक दरीत गेली. कड्यांवर आपटली, सात दऱ्यांतल्या रानावरून फिरली. वारा नसताना साऱ्या उतरणी शहारल्या, काठी काठीवर आपटली. धुक्यातून उपल डोंगराकडे पाहत राहिला. तेवढा वेळ सिकतेने श्वास घेतला नाही. रान थरथरत होते, कळ्या आतून ताणल्या जात होत्या. एकही उघडली नाही.

मुलीने जांभई दिली.

मग ती हाक रिकामी परत आली आणि ज्याची होती त्याच्यावर पडली. असुराचे हसू ओठांवरच सुरकुतले. जटा गवतासारख्या झडल्या, भुजा वळल्या, आवाज पानाच्या सळसळीएवढा झाला. उंबऱ्यावर मूठभर पाचोळा उरला. दृषद्वतीने केरसुणी घेतली, तो बाहेर लोटला आणि मागे वळून म्हणाली, “आता मारा गं बुक्के! पण बेताने, आत्या म्हातारी आहे.”

असुर मेला, तरी कारवीने शब्द मोडला नाही. ‘गरज संपली, आता उमल,’ असे आकाशवाणीने सांगितले, म्हणतात. ती म्हणाली, “शब्द गरजेपुरता दिला नव्हता.” मुलगी वाढली, आणि सातव्या वर्षी श्रावणातल्या एका सकाळी कोणाचे बोट न धरता ती चढण चढली आणि म्हणाली, “मी कारवी.” त्याच क्षणी सात दऱ्या एकदम निळ्या-जांभळ्या झाल्या. सात वर्षांचे साठवलेले फूल एका मोसमात देऊन ते रान कृतार्थ होऊन वाळले आणि त्याच्या बियांतून नवे उठले. आजही सह्याद्रीवर कारवी सात वर्षे कळ्यांचा भार मुकाट सोसते, आणि फुलते तेव्हा सगळी मिळून फुलते.

पण हे पुढचे झाले. बारशाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उपलाने काय केले, ते सांगून थांबतो.

तो पहाटे उठला, मुलीला खांद्यावर घेतले आणि सारे उपवन फिरला. प्रत्येक वेलीपाशी, झाडापाशी थांबला आणि त्या डोंगरावर अनेक पिढ्यांनी प्रथमच एकेक नाव मोठ्याने घेतले. कमळ. चाफा. मोगरा. जाई. दर वेळी क्षणभर थांबून तो पाही. काही कोमेजले नाही. शेवटी तो झऱ्यापाशी आला. सिकता पाठमोरी बसून घागर भरत होती.

“तुझे माहेरचे नाव काय?” त्याने विचारले.

तिचा हात पाण्यातच राहिला. किती तरी वर्षांत न उच्चारलेला शब्द ओठांवर यायला वेळ लागला. मग ती हळूच म्हणाली, “कुंदा.”

उपल मागे मागे गेला, पार अंगणाच्या कडेपर्यंत. तिथून, साऱ्या डोंगराला ऐकू जाईल अशा आवाजात त्याने तिला हाक मारली. आणि तिने घागर खाली ठेवून “ओ” दिली.