अर्धी शीव

पूर्वी वेणुनगरात राजा उग्रधन्वा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व त्याच्या राजसभेत भद्रघोष नावाचे दूत होते. बोलणे मऊ, नजर बारीक आणि खोटे बोलायची सवय नाही. दूताच्या कामात ही तशी अडचणच. पण त्यामुळेच शेजारची राज्येही त्यांच्या शब्दाला मान देत.

वेणुनगराच्या पलीकडे दोन राज्ये होती. पूर्वेला शालवती, तिथे राजा जयकेतू. पश्चिमेला मेषपुरी, तिथे राजा दुर्धर. दोघांच्या मधोमध तांबडमाळ नावाचे पठार होते आणि पठारावर भर उन्हाळ्यातही न आटणारा एक झरा. झऱ्याकाठी मेंढपाळांची वस्ती होती. जिकडे गवत असेल तिकडे त्यांच्या मेंढ्या जात. इथे राज्य कोणाचे, हा प्रश्न मेंढ्यांना कधी पडला नव्हता, आणि मेंढपाळांनाही नाही.

एका वर्षी जयकेतूच्या माणसांनी झऱ्यापाशी खुंट रोवले. दुर्धरच्या माणसांनी ते उपटले. त्या झटापटीत वस्तीतल्या उंबरी नावाच्या म्हातारीचा मुलगा मेला. कोणाच्या भाल्याने, ते कुणालाच नीट दिसले नाही. मग दोन्ही राजांनी त्याला आपला प्रजाजन म्हणवून घेतले, आणि त्याचा सूड घ्यायला दोन्ही सैन्ये माळावर येऊन ठाकली. उंबरीला कोणी काही विचारले नाही.

बातमी पसरली तसे देशोदेशीचे दूत धावत आले. जवळच्या टेकडीवर राहुट्या पडल्या. तिथून सगळा माळ छान दिसे. दूतांनी चिंता व्यक्त केली. अश्वदेशाचा दूत कर्दम सर्वांत जास्त चिंतेत होता, कारण त्याचा राजा दोन्ही सैन्यांना घोडे विकत असे. सकाळी तो जयकेतूला सांगे, न्याय तुमच्या बाजूचा आहे. दुपारी हेच तो दुर्धरला सांगे. संध्याकाळी सगळे मिळून ठरवीत की उभय पक्षांनी संयम राखावा, आणि मग जेवायला बसत. खाली मात्र दोन्हीकडचे भाते रोज थोडे अधिक भरत होते.

शेवटी कोणीतरी शीव चालण्याच्या जुन्या रीतीची आठवण करून दिली. वादाच्या दोन्ही बाजूंची माती कालवून तिचा ओला गोळा करायचा. उभय राजांना मान्य असलेल्या माणसाने तांबडी वस्त्रे नेसून, गळ्यात कण्हेरीची माळ घालून तो गोळा डोक्यावर घ्यायचा आणि एका धोंड्यापासून दुसऱ्या धोंड्यापर्यंत चालायचे. त्याची पावले पडतील ती शीव. त्याने मागे पाऊल घ्यायचे नाही. त्याच्या डोक्यावर माती असेतोवर शस्त्र उचलायचे नाही. जो उचलेल त्याच्यावर बाकीचे सगळे राजे चालून जातील. आणि माती वाटेतच सुकून फुटून पडली, तर देवांना तो निवाडा नको आहे असे समजून तलवारीने काय ते ठरवायचे.

दोन्ही राजांनी एकच नाव घेतले, भद्रघोष.

भद्रघोषही वेणुनगराहून आले होते. निघताना उग्रधन्वाने त्यांना एकांतात सांगितले होते, "तुलाच चालायला सांगतील. शीव बरोबर झऱ्यातून ने. मग दोघेही पाण्यावरून भांडत राहतील, आणि शांतता राखायला म्हणून मी तिथे माझे ठाणे बसवीन. एवढे केलेस की महामात्यपद तुझे. नाही केलेस, तर परत येऊ नकोस."

उत्तरेच्या धोंड्यापाशी त्यांनी डोक्यावर चुंबळ ठेवली आणि चुंबळीवर माती घेतली. गोळा जड होता, आणि पाणी कानामागून मानेवर ओघळत होते. डावीकडे शालवतीचे धनुर्धारी, उजवीकडे मेषपुरीचे. सगळ्यांचे डोळे त्यांच्या पायांवर. अर्धा माळ नुसता खडकाचा होता, त्यावर कोणाचा जीव नव्हता. तेवढा भाग ते सरळ चालून गेले. मग झरा आला आणि त्यांची पावले मंदावली.

झऱ्याच्या डावीकडून गेले तर पाणी दुर्धरचे, आणि माती खाली ठेवताच जयकेतू तुटून पडणार. उजवीकडून गेले तर तेच उलटे. मधून गेले तर आपल्याच राजाचे ठाणे आणि रोजची कापाकापी. वस्तीतल्या बायका झोपड्यांच्या दारांत उभ्या होत्या. त्यांतल्या एकीच्या अंगावर नुकतेच जन्मलेले मूल होते. कुठूनही गेले तरी मरण याच दारांत येणार होते. भद्रघोषांना त्यांची फार दया आली, आणि स्वतःसाठी भीतीही वाटली.

ते झऱ्याच्या अलीकडे थांबले आणि अगदी सावकाश, मान न हलवता, मांडी घालून बसले.

दोन्ही सैन्यांत कुजबूज झाली. कर्दम टेकडीवरून धापा टाकत खाली आला. "अहो, पाय दुखतात का?"

"नाही."

"मग उठा ना. सगळे खोळंबलेत."

"उठेन," भद्रघोष म्हणाले. "माझे चालणे अजून संपलेले नाही."

कर्दम टेकडीवर परतला आणि दूतांनी रीत उलटीसुलटी करून पाहिली. कुठून निघायचे, कुठे पोचायचे, हे पूर्वजांनी नीट सांगून ठेवले होते. किती वेळात पोचायचे, हे कोणीच सांगितले नव्हते. गरजेपेक्षा क्षणभर जास्त ओली माती डोक्यावर कोण ठेवील, असे त्या बिचाऱ्यांना वाटले असावे.

ऊन चढले. भद्रघोषांची मान दगडासारखी झाली. संध्याकाळ झाली, पुन्हा सकाळ झाली. वेणुनगराहून घोडेस्वार आला आणि त्यांच्यासमोर उभा राहून राजाचा निरोप बोलला, "आत्ताच्या आत्ता झऱ्यातून चाल, नाहीतर वेणुनगराच्या वेशी तुला बंद." भद्रघोषांच्या डोळ्यांसमोर स्वतःचे अंगण आले. डोळे भरून आले, पण पुसायला मान वाकवणे शक्य नव्हते.

"महाराजांना सांग, त्यांच्या सेवकाला अजून बरेच चालायचे आहे."

त्या दिवशी वारा सुटला, कोरडा आणि गरम. दुपारी गोळ्याला भेग पडली. मातीचा एक खडा घरंगळून भद्रघोषांच्या मांडीवर पडला. दोन्हीकडचे हात धनुष्यांपाशी गेले. ती माती फुटली की झाले.

उंबरी म्हातारी घरातून मडके घेऊन निघाली. दोन सैन्यांच्या मधून ती वाकत वाकत चालत आली आणि झऱ्यातून मडके भरून मातीवर हळूच पाणी ओतू लागली.

"माझा गेला तो गेला, बाबा," ती म्हणाली. "हे दोघं त्याच्या नावानं आणखी किती जणींची पोरं मारतील? तू बसून राहा."

पण वारा तिच्यापेक्षा चपळ होता. पाणी घालावे तोवर दुसरीकडे भेग पडे. आणखी एक ढेकूळ निसटले. तेवढ्यात मेषपुरीच्या रांगेतून एक भालाईत पुढे आला. त्याने भाला जमिनीवर ठेवला, आपली पाण्याची पखाल सोडली आणि फुटू लागलेल्या मातीवर ओतली. निसटलेले ढेकूळ त्याने तळहाताने लिंपून बसवले.

राजा दुर्धर घोड्यावरून ओरडला, "कोणाच्या आज्ञेने?"

भालाईत घाबरून गेला. "महाराज, माती सुकत होती," एवढेच त्याला सुचले.

त्याचे बोलणे पुरे होईतो पलीकडून शालवतीचा एक धनुर्धारी आला. त्याच्याही हातात पाणी होते. मग आणखी एक, मग कोण कोणत्या बाजूचा हे पाहणेच अवघड झाले. ही माती पडली की आधी आपण पडणार, हे त्यांना टेकडीवरच्या सगळ्या शहाण्यांपेक्षा चांगले कळत होते. ज्याच्या हातात पाणी त्याच्या हातात धनुष्य कसे असणार? जयकेतूने मागे वळून पाहिले, तर त्याची रांग विरळ झालेली.

असे बरेच दिवस गेले. सैनिक पाळीपाळीने पाणी आणीत आणि येता जाता एकमेकांच्या गावचे विचारीत. ओल्या मातीत दोन्ही बाजूंच्या गवताचे बी होते. ते रुजले आणि भद्रघोषांच्या डोक्यावर हिरवे कोंब दिसू लागले. वस्तीतली मुले ते बघून हसली, तसे सैनिकही हसले. आपली माणसे आता आपल्यासाठी लढणार नाहीत, हे दोन्ही राजांना त्या हसण्यात ऐकू आले.

दोघेही घोड्यांवरून उतरून आले. जयकेतूचा आवाज पडला होता. "दूता, हे कधी संपायचे?"

"महाराज, माझी मान आता वळत नाही. ही माती तुम्ही दोघांनी मिळून उतरवा. पण आधी मला सांगा, उतरवल्यावर हातांनी काय कराल?"

 दुर्धरने उंबरीकडे पाहिले. ती मडके घेऊन तशीच उभी होती. त्याने तलवार कमरेची सोडून गवतात ठेवली. मग जयकेतूनेही ठेवली. चार हातांनी माती उचलली गेली आणि झऱ्याच्या काठावर ठेवली गेली.

शीव तिथेच थांबली. खडकापासून झऱ्याच्या अलीकडेपर्यंत ती होती, पुढे नव्हती. पुढच्या माळावर दोन्ही राज्यांच्या मेंढ्या चरत, आणि लोक त्या शिवेला अर्धी शीव म्हणत. दूत आपापल्या देशी गेले आणि आपल्यामुळे युद्ध टळले असे त्यांनी राजांना सांगितले. भद्रघोषांना वेणुनगराच्या वेशी बंदच राहिल्या. ते उंबरीच्या झोपडीत तिचा मुलगा होऊन राहिले. त्यांची मान पुन्हा कधी मोकळी वळली नाही.

भिक्खूंचे गुरू, शास्ते, यांनी ही कथा विहारातल्या सभेत सांगून संपवली. मग ते म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा राजा जयकेतू म्हणजे आज सकाळी विहाराच्या सावलीतल्या जागेसाठी काठीने रेघ ओढणारा भिक्खू धम्मिक, आणि दुर्धर म्हणजे ती रेघ पुसून दुसरी ओढणारा भिक्खू वप्पिल. पाणी घेऊन आलेला भालाईत म्हणजे हे भांडण ऐकून दोघांच्याही मध्ये जाऊन बसलेला वृद्ध भिक्खू सुजात. भद्रघोष तो मीच होतो."

"आणि भगवन्, टेकडीवरचे ते दूत?" एका भिक्खूने विचारले.

"सकाळी भांडण चालू असताना चिंता करीत भोवती उभे राहिलेले तुम्ही सगळे."

सभेत कोणी मान वर केली नाही. धम्मिक उठला, वप्पिल उठला, आणि दोघांनी अंगणातली रेघ पायांनी पुसली. शास्ते म्हणाले, "दुसऱ्याचे मरण थांबावे म्हणून आपल्या डोक्यावरचे ओझे खाली न ठेवणे, याला क्षांती म्हणतात."