दुसऱ्या गिअरचा चोपदार

रायाजीराव महाराजांनी घाटात मोटार दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, की आंबेवळण संस्थानातल्या म्हशी दूध चोरायच्या. आवाजच तसा! परातीत खिळे घालून परात जिन्यावरून ढकलून द्यावी, तसा खर्रर्र. त्या दिवशी तर वळणावर गिअर असा किंचाळला, की मागं बसलेल्या राणीसाहेब खाली उतरल्या आणि उरलेला घाट पायी चढल्या.

महाराज तडक मोटारखान्यात आले आणि ड्रायव्हर गेनूला म्हणाले, "पितळी कडी बदललीस ना?"

"दोनदा बदलली, सरकार."

"मग ती झिजते कशानं? उद्या दरबारात कारण दाखव. सांगायचं नाही, दाखवायचं. आणि गिअरबॉक्सचा एक नटसुद्धा ढिला करायचा नाही. आमच्या मोटारीची आतडी सारखी बाहेर काढलेली आम्हाला खपत नाही."

"जी."

"आणखी एक. आमच्या हाताला जो दोष देईल, तो गडावरच्या कोठडीत जाईल. जमलं नाही तरी तिथंच."

गेनू घरी आला आणि भाकरीकडे न बघता वळकटी बांधायला बसला. त्याची बायको झुंबर चुलीपाशी होती.

"कुठं निघालात?"

"कोठडीत. घोंगडी एक घेऊ का दोन? वर वारं लई असतं."

"दोन घ्या, मलाबी यावं लागंल. पण आधी सांगा, ती कडी करते काय?"

"अगं, पेटीत चक्रं फिरत असतात. एक जोरात, एक सावकाश. तशीच भिडली तर दातावर दात घासणार. म्हणून मधी पितळेची कडी. ती पुढं होते, दोघांची चाल एक करते, मग गिअर लोण्यात बोट जावं तसा पडतो. फक्त तिला एका श्वासाची सवड द्यावी लागते."

"आणि कडीच गेलीय कशावरून? दुसरं काही बिघडलं नसंल?"

"बाकीचे गिअर गुपचूप पडतात, म्हणजे क्लच शाबूत. एकटा दुसराच वरडतो. अन् मी क्लच दोनदा दाबून, मधी रेस देऊन चाल जुळवली, की तोबी गप. जे काम कडीनं करायचं ते मीच करतो ना! म्हणजे कडी झिजली."

"आणि सरकार सवड देत न्हाईत."

"हळू बोल! सरकार दांडा असा वढतात, जणू विहिरीत पडलेला बैल काढतायत."

झुंबर तव्यावरची भाकरी उलटायची विसरली. मग एकाएकी तोंडाला पदर लावून हसत सुटली. "उद्या तुम्ही गप उभं ऱ्हावा," ती म्हणाली. "दाखवायचं काम माझं."

सकाळी महाराज दरबाराच्या दाराबाहेर उभे होते. आत मंडळी नेहमीप्रमाणे सैल बसलेली. रिवाज असा, की आधी म्हातारे चोपदार सोनबाराव चांदीची काठी घेऊन आत जायचे, लांबलचक ललकारी द्यायचे. तेवढ्यात सगळे पगड्या सावरून उठत, दोन्हीकडे रांग धरत, माना खाली घालत; ललकारी पुरी होईपर्यंत मान वर करायची नाही. मग महाराज यायचे.

गेनूला मागं ठेवून झुंबर पुढं झाली, मुजरा केला. "सरकार, आज दरबारात शिरा, पण घाटात दुसरा गिअर टाकता त्याच चालीनं. चोपदारांसाठी थांबायचं न्हाई."

"एवढंच?" महाराज खूश झाले. त्यांना थांबणं जन्मात आवडलं नव्हतं.

सोनबारावांनी आत पाऊल टाकून "बाऽ" एवढंच म्हटलं असेल नसेल, मागून महाराज येऊन धडकले! चोपदार दिवाणसाहेबांच्या मांडीवर. दिवाणसाहेबांचा विडा खजिनदाराच्या अंगरख्यावर. खजिनदार उठायला गेले, तर त्यांचं धोतर इनामदारांच्या पायाखाली. पगड्या चेंडूसारख्या घरंगळल्या, आणि चांदीची काठी फरशीवरून घासत पार सिंहासनापर्यंत गेली. खर्रर्र!

महाराज जागच्या जागी थबकले. एका पायात दिवाणसाहेबांची पगडी होती.

"हा आवाज आम्ही ऐकलाय."

"जी. दुसरा गिअर," गेनूसकट मागोमाग आत आलेली झुंबर म्हणाली.

"आणि हे?" महाराजांनी कोपर चोळत बसलेल्या सोनबारावांकडे बोट केलं.

"ही पितळी कडी, सरकार. अजून दोन खेपा अशा झाल्या, की बदलावी लागंल."

"नको गं बाई," सोनबाराव कण्हले.

"आता पुन्हा बाहेर जाऊन या, सरकार. पण ललकारी पुरी होऊ द्या."

महाराज खरंच बाहेर गेले. ललकारी झाली, रांगा लागल्या, माना झुकल्या. महाराज आत आले तेव्हा त्यांच्या मोजड्यांची करकर तेवढी ऐकू आली.

सिंहासनावर बसून त्यांनी डोळे बारीक केले. "छान दाखवलंस. आता हेही सांग, मघाशी चोपदाराला पाडलं कुणी? त्या माणसाचं नाव घे."

गेनूनं डोळे मिटले. नाव घेतलं तर कोठडी, नाही घेतलं तर हुकूम मोडला म्हणून कोठडी.

झुंबर हात जोडून म्हणाली, "सरकार, ललकारी पुरी झाल्याबिगर मान वर करायची न्हाई, हा आपल्याच दरबाराचा रिवाज. मघा ललकारी पुरी झालीच न्हाई, मग मी बघणार कशी? इथं कुणी रिवाज मोडून बघितलं असंल, तर त्यानं पुढं होऊन नाव सांगावं."

सारा दरबार आपापल्या पायाची बोटं न्याहाळू लागला. दिवाणसाहेब तर फारच बारकाईनं.

महाराजांनी ओठ दाबून पाहिले, मांडीवर मूठ आपटून पाहिली, पण हसू आवरेना. शेवटी असे खदखदले, की सिंहासनाची झालर हलू लागली. त्यांनी मनगटातलं सोन्याचं कडं काढून झुंबरच्या हातात घातलं.

"गेनू, पेटी उघड आणि नवी कडी बसव. आणि झुंबर, उद्यापासून घाटात तू आमच्या शेजारच्या सीटवर. गिअरची चोपदार! तू ललकारी द्यायची, मगच आम्ही दांडा हलवू."

"जी. पण ललकारी केवढी लांब द्यायची, सरकार?"

"आमचा हात निवेपर्यंत," महाराज डोळे पुसत म्हणाले.