म्यानातली खानदानी

फार जुनी गोष्ट. जपानमधल्या एका तलवारशाळेत भिंतीवर पोलादी तलवार होती आणि कोपऱ्यात सरावाची लाकडी. गुरू हिराओका लाकडीने रोज हजार वार करत. पोलादी तिला म्हणे, “हजारदा हवा कापून काय मिळवलंस गं?” गुरू तेल लावायला आले की म्हणे, “राहू द्या. माझं पातं खानदानी आहे.” शेवटी गुरूंनी नाद सोडला.

एक दिवस परगावच्या तलवारबाजाने गुरूंना ललकारलं. गुरूंनी पोलादी ओढली, तर ती गंजून म्यानातच अडकलेली. त्यांनी लाकडी उचलली आणि एका फटक्यात त्याची तलवार खाली पाडली.

पोलादी अजून पाहुण्यांना सांगते, “मला त्या माणसाची दया आली, म्हणून बाहेर पडले नाही.”

पाहुणेही तिलाच वाकून नमस्कार करतात.