काठी जिथली तिथे

"पण झाड हो म्हणालं, हे ओळखायचं कसं?"

निरंजन ताम्हनकरांनी हा प्रश्न सकाळी साडेदहाला, भैरीच्या देवळाच्या पायरीवर बसून विचारला. ते पुण्याहून आले होते. वय सत्तेचाळीस. अंगात घोट्यापर्यंतचा पांढरा झगा.

बाळबा गुरव अंगण झाडत होते. देवळामागची देवरहाटी, म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं रान, सांभाळायचं काम त्यांच्याकडे होतं.

"झाडाला काय इचारलंत?"

"तुझ्या छायेत साधना करू का, असं विचारलं. आणि लगेच एक पान माझ्या खांद्यावर पडलं."

"फाल्गुन हाय." बाळबांनी झाडू पुढे रेटला. "माझ्या पन खांद्यावर पडलं. मी कायच इचारलं नव्हतं."

…

ताम्हनकर हसले नाहीत. त्यांनी ड्रुइड पंथाची माहिती दिली. युरोपातले फार जुने वृक्षपूजक. राईत जमायचे. झाडांना गुरू मानायचे.

"आता कुठं असतात?"

"आता ऑनलाइन."

"झाडं पन?"

ताम्हनकर कामाचं बोलले. आज संध्याकाळी पाच वाजता त्यांची दीक्षा होती, फोनवरच. देवळाच्या पायरीवर रेंज येते, हे त्यांनी तपासून ठेवलं होतं. दीक्षेला तीन गोष्टी लागणार होत्या. झगा, आपण निवडलेल्या राईतली काठी आणि राईच्या राखणदाराची संमती. पहिल्या दोन झाल्या होत्या.

"याआधी चार मार्ग अर्धवट सोडलेत, बाबा. हा शेवटचा. बायकोला तसं सांगून आलोय."

"काय म्हनाली?"

"झगा पांढरा घेऊ नका म्हणाली."

"शहाणी हाय."

ताम्हनकरांनी काठी दाखवली. किंजळीच्या झाडाची, साडेतीन हात लांब, सरळ.

"तोडलेली नाही हं. खाली पडली होती."

बाळबांचा झाडू थांबला.

"रहाटीतली काटकी पन कोन भायेर नेत नाय. चुलीला नाय, चितेला नाय."

"पण ती पडलेलीच होती."

"मग पडून राहू द्यायची."

…

"परत ठेवा. होती तिथं. मग संमतीचं बघू."

"आणि दीक्षेला काठी?"

"ते तुमचं तुमी बघा."

ताम्हनकरांनी काठीकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. मग उठून रानात गेले आणि दोन मिनिटांत हाक मारली.

बाळबा गेले. काठी एका ऐनाच्या झाडाखाली ठेवली होती. त्यांनी ती जराशी उचलून पाहिली.

"खाली सुकी पानं. काठी पडून असली की खालची जमीन ओली राहते. हितं नव्हती."

दुसरी हाक आली.

"इथे. नक्की इथे."

"हितं मी मगाशी तंबाखू मळायला बसलो होतो. टोचली असती."

"मग कुठे होती?"

"उचलली कोनी?"

ताम्हनकरांना झाडाचा शेंडा आठवत होता. फांद्यांतून आलेलं ऊन आठवत होतं. आपण दोन्ही हात कसे पसरले, तेही आठवत होतं. पायाखालचं काहीच आठवेना.

"सांगा ना, बाबा."

"मी कुठं होतो तवा?"

…

बाळबा घरी जाऊन जेवले. जरा लवंडले. चार वाजता परत आले, तेव्हा पायरीवर ताम्हनकरांची पिशवी होती. ताम्हनकर नव्हते.

पाचला दहा कमी असताना पिशवीत फोन वाजला.

"अवो पाव्हणे! फोन!"

रानातून उत्तर आलं नाही. फोन थांबला. पाच वाजता पुन्हा वाजला. पाच वाजून सहा मिनिटांनी तिसऱ्यांदा. मग बाळबा तो हातात घेऊन स्वतःच निघाले.

ताम्हनकर किंजळीखाली पालथे पडले होते. गुडघ्यांपाशी झगा मातीच्या रंगाचा झाला होता आणि वर मांड्यांपर्यंत सरकला होता. नाकासमोर काठी होती. जमिनीत बोटभर रुंद, ओलसर पट्टा होता, काठीच्याच लांबीचा. काठी त्यात बसली होती, जणू कधी हललीच नव्हती. तिच्यावरून काळ्या मुंग्यांची रांग पलीकडे चालली होती.

"हळू या," ताम्हनकर कुजबुजले. "सकाळी काठी उचलली तेव्हापासून दोन्हीकडे तुंबल्या होत्या. मी काठी ठेवली तरी येईनात. मग एक आली. अर्ध्यातून परत गेली. मग तिघी आल्या."

"पाच वाजून गेले."

"हो का?"

त्यांनी मान वळवली नाही.

"तीन फोन येऊन गेले."

"तीन कुठल्या, बाबा. आता रांगच लागलीय."

बाळबांनी फोन पानांवर ठेवला. स्वतः उकिडवे बसले. दोघंही बराच वेळ रांगेकडे पाहत राहिले.

…

शेवटी ताम्हनकरांना राहवलं नाही.

"बाबा… आता काठी नाही, दीक्षाही नाही. निदान तुमची संमती तरी?"

त्यांनी उठायला हात टेकला. बाळबांनी त्यांच्या पाठीवर तळवा ठेवला आणि त्यांना होते तसंच खाली दाबलं.

"हलू नका एवढ्यात. तुमच्या पोटरीवरनं दुसरी वाट काढलीय त्यांनी."