उपरण्याखालचा भाव

फार जुनी गोष्ट. नाण्यावर राजाचा मुखडा असायचा पण खुद्द राजाला कुणी पाहिलेलं नव्हतं, तेव्हाची. लेकरांनो, ऐका. तुमच्या आयांनाही जवळ बसवून घ्या, कारण ही गोष्ट अर्धी त्यांचीच आहे.

नदीकाठी काळ्या मातीचं एक गाव होतं. तिथला गहू असा, की ओंजळीत घ्यावा तर बोटांतून पाण्यासारखा ओघळावा. त्या गावात देवका नावाची बाई राहायची. नवरा वारलेला, शेत ती स्वतःच करायची. एकुलती एक लेक तुळसा, नदीपल्याड दूर दिलेली.

त्या मुलखाची रीत अशी, की आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला सासुरवाशिणी माहेरी यायच्या. कडुनिंबाला झोके बांधायच्या, गाणी म्हणायच्या. पण लेक आपली आपण येत नसे. माहेरचा माणूस, मुऱ्हाळी म्हणत त्याला, गाडी घेऊन न्यायला जायचा, विहिणीला लुगडं द्यायचा, तेव्हा ती निघायची. रिकाम्या हाताने गेलेला मुऱ्हाळी रिकामीच गाडी घेऊन परतायचा.

आणि लुगडं यायचं ते गव्हातून.

गव्हाच्या भावाचं मात्र काही खरं नसे. एका साली माथ्यावर, दुसऱ्या साली पायाशी. पाऊस तोच, माती तीच, तरी असं का, ते कुणाला उमगत नसे. तीन आखाज्या झाल्या, तुळसा आली नव्हती. दुसऱ्याची लेक झोक्यावर गाऊ लागली की देवका दार लोटून घ्यायची, आणि दाराला कान लावून गाणं पुरं ऐकायची.

गहू विकायला पेठेत जावं लागे. तिथं भाव तोंडाने बोलत नसत. शेतकरी आणि व्यापारी यांच्यामध्ये एक अडत्या असे. तो आपलं उपरणं हातावर टाकी, आणि उपरण्याखाली व्यापारी त्याची बोटं दाबी. किती बोटं, किती वेळा, ते त्या दोघांनाच ठाऊक. मग अडत्या शेतकऱ्याच्या कानाशी लागे आणि भाव सांगे. तो भाव दुसऱ्याला सांगायचा नाही, असा नेम होता. सांगितला तर धान्याची बरकत जाते, असं आजे-पणजे म्हणत आलेले.

त्यामुळे परतीच्या वाटेवर कुणी विचारलं, कसा लागला भाव, तर उत्तर ठरलेलं: बरा. कमी मिळालेला लाजेने बरा म्हणे, जास्त मिळालेला दृष्ट लागेल म्हणून बरा म्हणे.

चौथ्या साली नदीपल्याडच्या बोहारणीने तुळसाचा निरोप आणला. ती म्हणाली होती, आईला सांग, यंदा मी भिंतीवर रेघा मारत नाही, मोजून मोजून दिवस लांबतात.

देवका पेठेत गेली. अडत्या कानाशी लागला. "मणाला सहा नाणी. पण माय, ही गोष्ट तुझ्या-माझ्यात. बाहेर फुटली तर पुढच्या साली मला तुझ्यासाठी काही करता येणार नाही."

देवकाने मान डोलावली आणि तिथल्या तिथे हिरवं लुगडं घेतलं.

वाटेत उखाची गाडी भेटली. उखा तिच्या बांधाला लागून असलेला शेतकरी. त्याची पारूही तीन वर्षं आली नव्हती. लुगड्याकडे बघत त्याने विचारलं, कसा लागला. देवकाचं तोंड उघडलं, आणि ती म्हणाली, बरा. उखा म्हणाला, माझाही बराच.

तुळसा आली. घर भरलं. एका सकाळी उखाची बायको तिला बघायला आली. तुळसाच्या तोंडावरून हात फिरवला, आमच्या पारूच्या हनुवटीलाही असाच तीळ आहे म्हणाली, आणि देवकाने दिलेला गुळाचा खडा हातातच धरून निघून गेली.

"आई, त्यांचा गहू कीड लागलेला होता का?" तुळसाने विचारलं.

"नाही."

"मग पारू का नाही आली?"

देवका भाकरी थापत राहिली.

पुढच्या साली पीक आणखी भरघोस आलं. अडत्या कानाशी लागला आणि म्हणाला, मणाला तीन.

"गेल्या साली तुम्ही सहा दिलेत, शेटजी."

"सहा? माझ्या आजानेही कधी सहा दिले नाहीत. कुणाला सांगितलं होतंस? आण साक्षीला."

विचारणारा एकच होता, आणि त्याला तिने बरा म्हणून सांगितलं होतं. आता तिला कळलं. अडत्याने दरसाल एकालाच चढा भाव द्यायचा, त्याचं लुगडं बाकीच्यांनी बघायचं, आणि आपलंही नशीब उघडेल म्हणून गाड्या भरून येत राहायचं.

तिचा चेहरा बघून अडत्या हळू आवाजात म्हणाला, बरं, तुला म्हणून साडेचार. पण तोंड मिटून.

साडेचारात लुगडं येत होतं. तुळसा दारात उभी असेल, वाटेला डोळे लावून. देवकाने डोळे मिटले तर ती दिसली. उघडले तर समोर उखा पोत्याला टेकून उभा होता.

ती मोठ्याने म्हणाली, "उखाभाऊ, गेल्या साली मला सहा मिळाले. तुम्हाला बरा म्हणाले, ते खोटं."

पेठ थबकली.

"मला तीन मिळाले," तो म्हणाला. "माझी पारू तिकडे झुरत राहिली, वहिनी. आणि तुम्ही माझ्यासमोरून लुगडं घेऊन गेलात."

तेवढ्यात मागून कुणी म्हणालं, मला अडीच. आणखी कुणी म्हणालं, मला चार. एकाच मातीचा गहू, आणि जितकी माणसं तितके भाव.

अडत्या हसून म्हणाला, न्या गहू घरी, उंदरांची लग्नं लावा. लोकांनी खरंच पोती गाड्यांवर चढवली.

त्या साली गावातून एकही मुऱ्हाळी निघाला नाही. आखाजी आली तशी गेली. कडुनिंबाला झोका नव्हता. देवका दार उघडं टाकून बसली, पण ऐकायला गाणंच नव्हतं.

पुढे पेठेतल्या जात्यांना दाणा मिळेना, तेव्हा व्यापारी आपल्या पायाने गावात आले. पारावर, सगळ्यांदेखत, तोंडाने भाव ठरला. पाच. सहा नाही, पण लहानथोर सगळ्यांना एकच, आणि सगळ्यांनी कानाने ऐकलेला.

पावसाला थोडेच दिवस उरले होते. सण नव्हता, तरी गावातल्या सगळ्या गाड्या एकदमच लेकी आणायला निघाल्या. उखाची सर्वांत पुढे. देवकाने आपली सर्वांत मागे लावली. उखा तिच्याशी बोलत नव्हता. नदीच्या वाळूत तिच्या गाडीचं चाक रुतलं, तेव्हा तो आपली गाडी सोडून मागे आला. चाकाला खांदा लावला, गाडी वर काढली, आणि पुढे निघून गेला.

तुळसा दोनच दिवस राहिली. आभाळ भरून आलं होतं, नदी चढण्याआधी परतायला हवं होतं.

म्हणून सांगते: जो आपला भाव शेजाऱ्यापासून लपवतो, त्याचा भाव परका ठरवतो.