रेशमात गुंडाळलेला पट्टा

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी म्हणाल, तर तेव्हा डोंगरांना एका जागी बसायची अजून सवय झाली नव्हती. सकाळचं धुकं विरलं की एखादा डोंगर कालच्यापेक्षा थोडा सरकलेला दिसायचा. खोटं वाटतंय? वाटू द्या. गोष्ट ऐकायची तर एवढं चालवून घ्यावं लागतं.

त्या काळी एका मोठ्या तळ्याच्या काठी एक नगर होतं. तिथला राजा भला माणूस होता. पण राणी वारली आणि राजाची झोपच उडाली. वैद्यांचे काढे झाले, खसखशीचं दूध झालं, काशाच्या वाटीने तळपायांना तूप चोळून झालं. डोळ्याला डोळा लागेल तर शपथ! राजा वाळत चालला. न्याय करायला बसला की वादी कोण आणि चोर कोण हेच त्याला उमजेना. एकदा तर त्याने चोराची माफी मागितली आणि ज्याच्या घरी चोरी झाली त्यालाच दम भरला.

दिवसातून एकदाच राजाला झोप लागायची. सकाळी लिंबाजी न्हावी त्याची दाढी करायला यायचा, तेव्हा.

लिंबाजी यायचा, धोकटी उघडायचा, चामड्याचा जुना पट्टा खांबाच्या खुंटीला अडकवायचा. आधी तळहाताने तो पट्टा वरपासून खालपर्यंत चोळायचा, चामड्याला ऊब येईपर्यंत. मग त्यावर वस्तरा परजायचा. जाताना सर्र, येताना सर्र. साठ वेळा. बापाने साठ सांगितले होते म्हणून साठ, एकसष्ट नाही की एकोणसाठ नाही. विसाव्या फेरीला राजाच्या पापण्या जड व्हायच्या, आणि साठावी संपेपर्यंत राजा गाढ झोपलेला असायचा. वस्तरा गालावरून असा हलका फिरायचा की दाढी संपेपर्यंत झोप मोडायची नाही.

त्या झोपेत राजाला रोज एकच स्वप्न पडायचं. पलीकडच्या काठावरून राणी एकटीच नाव वल्हवत येत असायची. रोज थोडी जवळ.

"लिंबाजी, आज तिच्या लुगड्याचे काठ दिसले," राजा जागा झाल्यावर सांगायचा. मग कधी, "आज बांगड्या वाजलेल्या ऐकू आल्या." आणि एके दिवशी म्हणाला, "तिला मला काहीतरी सांगायचंय रे. ओठ हलतात, पण नाव अजून लांब आहे."

लिंबाजी घरी येऊन हे सगळं बायकोला, साळूला, सांगायचा. दोघंही डोळे पुसायची. ती नाव काठाला लागावी, राणीचं बोलणं राजाच्या कानी पडावं, एवढीच लिंबाजीची इच्छा होती.

पण दरबार म्हटला की रिकामटेकडे आलेच. "राजाच्या गळ्याशी फिरतो तो वस्तरा, आणि पट्टा बघा! म्हशीचं कातडं, तेही दोन ठिकाणी शिवलेलं!" लिंबाजीने आधी हसण्यावारी नेलं. पण रोज ऐकून ऐकून त्याच्याही मनात किडा शिरलाच. आपल्या फाटक्या पट्ट्यामुळे तर नाव हळू येत नसेल?

नेमका तेव्हाच नगरात एक व्यापारी आला. त्याच्याजवळ एक पट्टा होता. काय सांगू त्याचा थाट! चांदीची कडी, कडेला नक्षी, आणि स्पर्श असा की बोट लावावं आणि विसरून जावं. "समुद्रापलीकडे एक जनावर असतं," व्यापारी म्हणाला, "त्याचं हे चामडं. दोन वेळा वस्तरा फिरवा, धार हजर."

लिंबाजीने त्या पट्ट्याच्या बदल्यात गोठ्यातली दुभती गाय दिली.

"अहो, गाय दूध देत होती," साळू म्हणाली. "हा पट्टा काय देणार?"

"धार देणार."

"धार तर गायही देत होती की!" साळू म्हणाली आणि चुलीकडे वळली. 

जुना पट्टा लिंबाजीने एका गाडीवानाला देऊन टाकला. गाडीवान तो घेऊन परमुलखात निघून गेला.

पहिल्या दिवशी नव्या पट्ट्यावर काम झकास झालं. होणारच, वस्तऱ्याची धार कालची होती ना! पण आता लिंबाजीला त्या पट्ट्याची भीती वाटू लागली. एवढी मोलाची वस्तू! घामट हाताने चोळायची कशी? डाग पडला तर? आणि साठ फेऱ्या? झिजून जाईल की बिचारा! म्हणून तो पट्ट्याला हात लावेना. रेशमी कापडातून अलगद काढायचा, वस्तरा दोनदा फिरवायचा, आणि लगेच पुन्हा गुंडाळून ठेवायचा. लेकीला कोणी इतकं जपत नसेल.

इकडे हात न लागल्याने पट्टा सुकू लागला. वस्तरा बोथट होऊ लागला. लिंबाजी कधी पोलादाला दोष द्यायचा, कधी पाण्याला, कधी राजाच्या दाढीला. स्वतःला सोडून सगळ्यांना. दोन फेऱ्यांत राजाला झोपही धड लागेना. नुसती डुलकी लागायची.

अशाच एका डुलकीत वस्तरा अडखळला. हनुवटीखाली रक्ताचा थेंब आला आणि राजा दचकून जागा झाला.

दरबारी ओरडले, "धरा त्याला!"

राजाने हात वर केला. तो रागावला नव्हता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "नाव काठाला लागत होती, लिंबाजी," तो म्हणाला. "तिने दोर टाकायला हात पुढे केला होता."

त्यापेक्षा राजाने चाबकाने फोडून काढलं असतं तर बरं, असं लिंबाजीला झालं.

त्यानंतर राजाची उरलीसुरली झोपही गेली. वस्तरा बघितला की तो अंग चोरायचा. नऊ दिवस गेले. वैद्याने लिंबाजीला बाजूला घेऊन सांगितलं, "असे आणखी चार दिवस गेले, तर महाराज हाती लागणार नाहीत."

लिंबाजी तळ्याकाठी जाऊन बसला. पट्टा मांडीवर होता. भर दुपार होती, पाणी चमकत होतं, आणि रडून रडून थकलेल्या लिंबाजीचा तिथेच डोळा लागला.

तेव्हा मांडीवरचा पट्टा बोलला.

"अरे, हात लाव ना मला."

लिंबाजी चपापला. "तू... तू समुद्रापलीकडचं जनावर ना?"

"कसलं समुद्रापलीकडचं! या तळ्याच्या पलीकडच्या गावची म्हैस मी. व्यापाऱ्याने चांदीची कडी लावली आणि मला परदेशी केलं."

"म्हणजे मी फसलो! गाय गेली, धार गेली, आता राजाही जाणार!"

"चामडं वाईट नाहीये माझं," पट्टा जरा रागानेच म्हणाला. "मी गोठ्यात होते तेव्हा एक म्हातारी रोज माझ्या पाठीवरून हात फिरवायची. कोरडा, खरबरीत हात. त्या हाताची वाट बघत मी सांजवेळी घरी यायचे. तुझ्या घरी आले, तेव्हा वाटलं, चला, पुन्हा हात लागेल. तू तर मला रेशमात पुरलंस. वाळेन नाही तर काय करेन?"

लिंबाजी जागा झाला तेव्हा ऊन कललं होतं. पट्टा मुकाट पडलेला होता. स्वप्न की खरं, ते तुमचं तुम्ही ठरवा. लिंबाजीने ठरवत बसण्यात वेळ घालवला नाही. रेशमी कापड त्याने साळूला दिलं, चांदीची कडी काढून टाकली आणि तळहाताला तेल लावून पट्टा चोळायला बसला. दुसरा दिवस चोळला, तिसरा दिवस चोळला. साळूही मदतीला बसली. "आणा इकडे, तुमचा हात थकलाय," म्हणून ती पट्टा ओढून घ्यायची. नक्षी पुसली गेली, डाग पडले, चामडं काळपट झालं. आणि हळूहळू ते मऊ पडलं, वाकू लागलं, वस्तऱ्याला साथ देऊ लागलं.

चौथ्या सकाळी लिंबाजी राजापुढे उभा राहिला. दरबाऱ्यांनी नाकं मुरडली. राजाने मान वळवली.

"महाराज, वस्तऱ्याखाली मान देऊ नका," लिंबाजी म्हणाला. "नुसतं ऐका."

त्याने पट्टा खुंटीला लावला, तळहात फिरवला, वस्तरा उचलला. सर्र. सर्र. दहा झाले, वीस झाले. राजाचे खांदे सैल पडले. चाळीसला त्याने आपण होऊन मान मागे टेकली. साठावी फेरी संपली तेव्हा दालनात राजाच्या घोरण्याशिवाय कसलाही आवाज नव्हता. लिंबाजीने दाढी केली. वस्तरा गालावरून गेला आणि राजाला कळलंही नाही.

दाढी संपली तरी राजा उठला नाही. सूर्य वर चढला, उतरू लागला. कोणी हलेना. लिंबाजी तिथेच हात जोडून बसून राहिला.

उन्हं तिरपी झाल्यावर राजाने डोळे उघडले. चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ होता.

"नाव लागली, महाराज?" लिंबाजीने विचारलं.

"लागली."

"काय म्हणाल्या राणीसाहेब?"

राजाने आधी दाढीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "म्हणाली, मी आता परत जाते. रोज काठावर येऊन उभे राहू नका. लोक तुमची वाट बघत खोळंबलेत." आणि रडता रडता त्याला हसू फुटलं. "जाताना माझ्या गालावरून हात फिरवला तिने. म्हणाली, दाढी आज छान झालीय."

त्या दिवसापासून ते स्वप्न राजाला पुन्हा पडलं नाही. पण झोप मात्र रोज लागली, आपली आपण, आणि न्याय पुन्हा नीट होऊ लागले.

म्हणून सांगतो, लहानांनो आणि थोरांनो: दाम देऊन वस्तू घरी येते, पण कामाला येते ती रोजच्या हातानेच.