मोरपिशाची साफसफाई

फार पूर्वी मासे माणसांना कामं सांगत आणि माणसं ती निमूट करत, तेव्हाची गोष्ट. केतकीच्या खिडकीत काचेची छोटी टाकी होती. तिच्यात लांब शेपटीचा फायटर मासा मोरपिशा राहायचा, आणि खड्यांवरचं शेवाळ खात हिंडणारी गोगलगायमावशी.

सणासाठी केतकीने घर घासूनपुसून काढलं, तसा मोरपिशालाही हुरूप आला. "पाहुणे यायचेत. सगळं पाणी बदल, हे बुळबुळीत खडे टाकून दे, आणि मावशीलाही बाहेर काढ. दिवसभर काचा चाटते, शोभतं का?"

"अरे, वाटीभर जुनं काढावं, वाटीभर नवं घालावं," मावशी म्हणाली. "ही बुळबुळच तुझी घाण पचवते."

"माझी घाण? मी घाण करतो?"

केतकीने निमूट सगळं पाणी बदललं. खड्यांबरोबर मावशीचीही रवानगी अबोलीच्या कुंडीत झाली.

पाहुण्यांनी दोन दिवस टाकीचं कौतुक केलं. तिसऱ्या दिवशी त्याच नितळ पाण्यात मोरपिशाचे कल्ले जळू लागले. दिसत काहीच नव्हतं, पण घाण त्याचीच होती.

"केतकी, मावशीला आण गं," तो कसाबसा म्हणाला.

केतकीने कुंडीतले ओले खडे परत आणले, रोज वाटीवाटीने पाणी बदललं. आठवड्याने त्याला नीट श्वास घेता आला. मावशीचा शंखही तिने आणला होता, पण तो हाताला फारच हलका लागला.

पुढे टाकीत त्या शंखावर हिरवं शेवाळ धरलं. केतकी घासणी घेऊन आली, तसा मोरपिशा आडवा आला.

"तेवढं राहू दे," तो म्हणाला. "तिला आवडायचं."